चारचा कार्यक्रम

१

आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘हं’.

मी जुने रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान, मागची म्हणजे स्वयंपाकघर, मधे दार आणि दाराला पडदा. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या सेटमध्ये हात घालताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक बसलाच तर एका हातातून छातीत शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडणार नाही. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. काय करतोय ते मोठ्यानं सांगत राहायचं, आणि शेजारच्या खोलीत ‘हं’ म्हणणारं माणूस पाहिजे. आपला आवाज थांबला की त्या माणसानं धावत येऊन प्लग ओढायचा.

लग्न ठरवताना मी हिला एवढंच विचारलं होतं, की कंटाळा न करता दिवसभर ‘हं’ म्हणता येईल का. ही ‘हं’ म्हणाली, आणि त्याला आता एकतीस वर्षं झाली. हिचे ‘हं’ही किती तऱ्हेचे! भाजी चिरतानाचा वेगळा, पेपर वाचतानाचा वेगळा, माझ्यावर रागावलेली असतानाचा तर एवढा आखूड की तो ऐकून मी मीटर खाली ठेवतो. लेक लांब नोकरीला आहे, रविवारी फोन करते. माझ्याकडे कामं येतात, हिच्या कुंड्यांना फुलं येतात, आणि चार वाजता चहा होतो. आमचं बरं चाललं आहे. खरं सांगायचं तर फारच बरं चाललं आहे, आणि म्हणूनच त्या आठवड्यात मी इतका घाबरलो.

२

सोमवारी दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढऱ्या केसांची घट्ट गाठ. मागून गाडीवाला एक भलामोठा लाकडी रेडिओ छातीशी धरून आला आणि टेबलावर ठेवून घाम पुसत गेला.

“या, बसा,” मी म्हणालो. “काय तक्रार आहे?”

बाई बसायच्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे नाही, जरा बाजूला बघत राहिल्या, लक्ष देऊन काही ऐकताना माणूस बघतो तसं. मग बसल्या.

“चालूच होत नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्या मंगळवारी बंद पडला. बटण फिरवलं की खट्ट वाजतं, पुढे काही नाही.”

मग त्यांनी आपली ओळख सांगितली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या, या गावाचा कॉल त्या गावाला जोडून द्यायच्या. आता एकट्याच राहतात, भाचा येऊन जाऊन असतो. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ऑपरेटरबाई ठेवून टाकलं.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक प्रश्न विचारतो, त्यांनाही विचारला. बंद पडायच्या आधी शेवटचं काय ऐकू आलं? घरघर वाढली का, फट्कन आवाज झाला का? त्यावरून निम्मं काम होतं.

“माझा चारचा कार्यक्रम चालू होता,” बाई म्हणाल्या. “तीन वर्षं ऐकतेय मी. एक नवराबायको आहेत. काही घडत नाही त्यात. तो काहीतरी काम करत असतो आणि बडबडत असतो, ती आतून ‘हं’ म्हणते. आधल्या शनिवारी तिच्या हातून कपाचा कान तुटला. तर म्हणते कशी, ‘आता हा कप बहिरा झाला, याच्यासमोर काहीही बोला.’ मला इतकं हसू आलं!”

मलाही आलं. जगात आमच्यासारखं आणखी एक जोडपं आहे म्हणून बरं वाटलं.

“आणि मंगळवारी?”

बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. “मंगळवारी तो बोलत होता. ‘घेतलं का लक्षात?’ म्हणाला. तिचं ‘हं’ आलं नाही. मग म्हणाला, ‘अगं, हं म्हण की.’ तरी नाही. पुन्हा एकदा तेच म्हणाला. पुन्हा नाही. आणि तेवढ्यात सेट बंद पडला.” त्या थांबल्या. “तिला काय झालं ते मला कळलंच पाहिजे हो. गुरुवारच्या आत बघाल का?”

गुरुवारच का, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला नेहमीच घाई असते.

३

त्याच दिवशी ही चारच्या चहाची भांडी घासत होती आणि मी कुठल्याशा टेपचा पट्टा बदलत होतो. आत खळ्ळ झालं.

“काय गं?”

“काही नाही, कपाचा कान तुटला. तुमच्याच.” आणि मग हसत म्हणाली, “आता हा कप बहिरा झाला, याच्यासमोर काहीही बोला.”

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. मी आत गेलो. तुटका कान पाण्यात पडला होता आणि ही हात पुसत होती. “हे तू कुठे ऐकलंस?” मी विचारलं. “काय?” “कप बहिरा.” “आत्ताच सुचलं,” ही म्हणाली. “का, माझ्याकडून विनोद झाला तर चालत नाही का तुम्हाला?”

मी कारणं शोधणारा माणूस आहे. बिघाड म्हणजे बिघाड, त्याला कारण असतंच, सापडत नाही तो आपला दोष. म्हणून मी बसून सगळी कारणं तपासली. ही आणि ऑपरेटरबाई एकमेकींना ओळखतात का? नाही. असा कार्यक्रम खरंच लागतो का? लागत असेल. त्यातलं वाक्य हिच्या कानावरून गेलं असेल का? आमच्या घरात रेडिओ पन्नास आहेत, पण ऐकायला चालू एकही नसतो.

मंगळवारी सकाळी मी बाईंच्या सेटचं मागचं झाकण काढलं. आत कोळ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं विणलेलं होतं आणि त्यावर धूळ साठून त्याचा कापडासारखा पडदा झाला होता. ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडलेला. एक व्हॉल्व्ह जागेवर नव्हताच. डायलच्या मागे दिव्याचं होल्डर रिकामं.

“हा सेट,” मी मोठ्यानं म्हणालो, “वीस वर्षांत तरी चाललेला नाही.”

“हं,” ही आतून म्हणाली. भाजी चिरतानाचा.

त्या ‘हं’नं मला एरवी कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली. मी कॅलेंडर काढलं. बाईंनी कप ज्या शनिवारी ऐकला, त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी सोमवारी तो आमच्याकडे तुटला. मग मंगळवारचं जे ऐकलं, ते? बोट ठेवत ठेवत मी नऊ मोजले. गुरुवार आला. दुपारी चार.

हिला सांगायचं नाही असं मी ठरवलं. काय सांगणार होतो? त्याऐवजी मी हिच्या मागे मागे फिरायला लागलो. ही गच्चीवर गेली की मी गच्चीवर, ही नळाशी गेली की मी नळाशी. दम लागतोय का, चक्कर येते का, जिना नको चढू. बुधवारी संध्याकाळी ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “नवीन लग्न झालं होतं तेव्हा एवढं मागे मागे फिरला नाहीत. काय हवंय?”

“काही नाही.”

“मग त्या सभागृहाच्या ॲम्प्लिफायरचं बघा. माणूस दोनदा येऊन गेला.”

गुरुवारी दुपारी मी तो ॲम्प्लिफायर टेबलावर घेतला. मागचा पत्रा काढला, प्लग लावला, बटण दाबलं. दिवा लागला नाही, आवाज नाही. मेलेला. हा पण, असं म्हणून मी तसाच उठलो. माझं लक्ष नव्हतं. बाईंचा सेट गाडीत घालून मी त्यांच्या घरी निघालो.

४

काही दुरुस्त न करता सेट परत देऊन टाकायचा, एवढंच माझ्या मनात होतं. त्या घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक आरामखुर्ची, समोर टेबल, टेबलामागच्या भिंतीवर सेटच्या आकाराचा फिकट चौकोन. खिळ्याला एक्स्चेंजमधला जुना हेडफोन टांगलेला. आणि टेबलाच्या वर भिंतीत एक कोरं पांढरं सॉकेट.

“हे नवीन का?”

“भाच्याच्या हट्टामुळे,” बाई म्हणाल्या. “वायरमन घेऊन आला. मी म्हणत होते चार वाजता नको, नंतर कर, पण ऐकतोय कुठे! वायरमन म्हणाला, आजी, हे सॉकेट कधीचं मेलंय, यात करंटच येत नव्हता. त्यानं खाली मेन बंद केला, सॉकेट बदललं, मेन चालू केला आणि माझा कार्यक्रम अर्ध्यात गेला.”

“कुठला वार?”

“सांगितलं ना. मंगळवार.”

मी खुर्चीवर टेकलो. म्हणजे जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा सेट, मेलेल्या सॉकेटमध्ये, तीन वर्षं बोलत होता. आणि वीज मिळाली त्या क्षणी गप्प झाला. असं होत नाही, माझी अक्कल सांगत होती. पण हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीचे. त्यांना एकच ठाऊक, की जे चालत असताना बिघडलं, ते आधी होतं तसं करून बघायचं.

“जुनं सॉकेट टाकून दिलंत?”

बाई काही टाकून देणाऱ्या नव्हत्या. ड्रॉवरमधून त्यांनी ते काढलं, पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात टवका उडालेलं. मी मेन बंद केला, नवीन सॉकेट उतरवलं, वायरींची टोकं टेपनं बंद करून भिंतीत सारली आणि जुनं सॉकेट नुसतंच, कशालाही न जोडता, स्क्रूनं बसवलं. प्लग लावला. मेन चालू केला. बाईंनी बटण फिरवलं.

खट्ट.

आणि डायल उजळला. हळूहळू, पिवळा. त्याच्यामागचं होल्डर रिकामं आहे हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरघर नव्हती. जाळीच्या कापडामागून फक्त एका खोलीची शांतता येत होती. मग पाण्याचा थेंब पडला. दुसरा पडला, तिसरा पडला, आणि जरा थांबून पुन्हा तीन. आमच्या स्वयंपाकघरातला नळ असाच गळतो. उद्या वायसर बदलतो असं मी हिला दोन वर्षं सांगतो आहे.

“अजून वेळ आहे,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा तळहात आपोआप तोंडाशी गेला होता. ऑपरेटरनं बोलणाऱ्यांना आपला श्वासही ऐकू जाऊ द्यायचा नसतो, हे त्यांनीच नंतर सांगितलं. “पण लाईन लागली.”

घड्याळात सव्वातीन झाले होते. मी हत्यारांची पिशवी तिथेच टाकून निघालो.

५

घरी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. ही पडद्याशी उभी राहून केस विंचरत होती. ठणठणीत. मला इतका आनंद झाला की मी दारातच हसलो.

“काय झालं?” ही म्हणाली. “चहा ठेवते.”

“नाही!” मी ओरडलोच. मग आवाज खाली आणला. वाटेत मी सगळा विचार केला होता. कार्यक्रमात ती आत असते आणि तो बाहेर काम करत असतो. तर आज ती आत जाणारच नाही, आणि तो कामच करणार नाही. “आज चहा मी करतो. तू बस माझ्या जागेवर.”

“तब्येत बरी आहे ना तुमची?”

“बस गं.”

ही हसत हसत माझ्या स्टुलावर जाऊन बसली. मी आत गेलो, पातेलं ठेवलं. पण हिचा आवाज मला हवा होता, क्षणभरही सोडवत नव्हता. म्हणून मी बोलत राहिलो.

“पाणी ठेवलं.”

“हं.” आज चेष्टेतला होता.

“साखर घातली, दोन चमचे.”

“हं. एकच घाला, साखर वाढलीये तुमची.”

“चहापत्ती टाकली. दूध फ्रीजमधून काढलं, ते वर येईस्तोवर बघत राहायचं, घेतलं का लक्षात?”

नळाचे तीन थेंब पडले.

“अगं, हं म्हण की.”

शब्द तोंडातून गेले आणि मग मला ऐकू आले. चहा करतो म्हणून मी जागा बदलली होती, खोल्या बदलल्या होत्या, आणि बोलणं तेच झालं होतं. पळत जायचं तर पाय उचलेनात. “अगं, हं म्हण की,” तोंड आपलं आपण पुन्हा म्हणालं.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला. हिचा नव्हता. बाईचाच, पण स्वच्छ, फार लांबवर ऐकू जायची सवय असलेला.

“हात मागे घ्या.”

मी पडदा ओढला. ही टेबलाशी उभी होती. डावा तळहात ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर टेकलेला, आणि उजव्या हाताची बोटं आत, तारांच्या वर, अर्ध्या बोटाच्या अंतरावर थांबलेली. ही माझ्याकडे बघत नव्हती. वरच्या फळीकडे बघत होती, जिथे सुट्या व्हॉल्व्हची खोकी आहेत आणि दुसरं काही नाही. मग हिनं दोन्ही हात हळूच उचलले आणि छातीशी धरले.

मी प्लग ओढला. मग मीटर लावून बघितलं. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कंडेन्सरांवर साडेतीनशे व्होल्ट होते आणि आकडा सावकाश उतरत होता. ॲम्प्लिफायर मेलेला नव्हताच. फक्त त्याचा दिवा गेला होता, आणि दुपारी मी तो बघून तसाच चालू सोडून गेलो होतो. चाळीस वर्षांत अशी चूक मी केली नव्हती. हिच्या काळजीनं केली.

“आत एक स्क्रू पडलेला दिसला,” ही म्हणाली. “दिवा बंद होता, म्हटलं काढून ठेवावा. तुम्ही ओरडलात ना?”

“मी नाही.”

“मग कोण?”

आत चहा उतू गेल्याचा वास आला. मी तिथेच खाली बसलो, हिचा हात धरला आणि रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. मग हिला सगळं सांगितलं, पहिल्या सोमवारपासून.

६

शुक्रवारी सकाळी ऑपरेटरबाई आल्या. माझी हत्यारांची पिशवी त्यांच्या हातात होती. दारातच हिला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“तुमचा आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता,” त्या मला म्हणाल्या. “पण ऑपरेटरनं ओळख दाखवायची नसते. जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. कार्यक्रमात पाऊस आला की नऊ दिवसांनी माझ्या खिडकीशी यायचा, म्हणून गुरुवार म्हणाले.”

हिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. “तुम्ही काल बोललात म्हणून मी आहे,” ही म्हणाली.

बाईंनी हात सोडवून घेतला.

“तेच सांगायला आले मी. माफी मागायला. कट झालेला कॉल तिथूनच पुढे लागला होता, मधले नऊ दिवस गळून. ‘अगं, हं म्हण की’ मी ऐकलं. ओरडायचं म्हणून उठलेसुद्धा. पण छत्तीस वर्षांची सवय, हात तोंडावरच राहिला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही हो. एक अक्षर नाही.”

आत नळ गळत होता.

“मग ‘हात मागे घ्या’ कोण म्हणालं?” मी विचारलं.

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “लाईनवर किती जण आहेत ते ऑपरेटरला कळतं,” त्या म्हणाल्या. “मोजायला लागत नाही. तुम्ही दोघं बोलता. मी ऐकते. आणि आणखी कुणीतरी ऐकतं. पहिल्या दिवसापासून. माझ्यासारखंच, श्वास धरून. मला वाटायचं, असेल आपल्यासारखंच कुणी एकटं.”

ही उठली आणि आत गेली. मला वाटलं घाबरली. पण कपबशा वाजल्या, आणि ही चहा घेऊन आली. मला त्याच बहिऱ्या कपातून.

“जे कुणी असेल ते,” ही म्हणाली, “आपल्या बाजूचं आहे. आणि तुम्ही हो, नळाचं वायसर बदला. दोन वर्षं लोकांना ते टपटप ऐकवताय.”

बाई हसल्या. जाताना विचारलं, की ऐकत राहिलं तर चालेल का. ही म्हणाली, चालेल की, आता मीही जरा नीट बोलत जाईन.

त्याला सहा महिने झाले. वायसर बदललं. ॲम्प्लिफायरला नवा दिवा बसवून सभागृहात परत पाठवला. बाई महिन्यातून एकदा येतात, हिच्या कुंडीतलं रोप घेऊन जातात, आणि मागल्या वेळचं आमचं भांडण कसं चुकलं ते समजावून सांगतात. हिला त्यांचं पटतं, मला पटत नाही. बरं चाललंय.

गेल्या आठवड्यात ही चार दिवसांसाठी लेकीकडे गेली. एकट्यानं सेट उघडायचा नाही, एवढं वचन घेऊन गेली. दोन दिवस मी पाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक जुना टेप आला, चालूच होत नव्हता, आणि माझ्या हातांना राहवेना. पण आधी फोन करून ऑपरेटरबाईंना विचारलं, ऐकताय ना? त्या म्हणाल्या, नाही हो, मी भाच्याकडे आलेय, सेट बंद आहे.

मी फोन ठेवला. मागे पडदा हलत नव्हता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, हे मी जाऊन बघून आलो होतो, दोनदा. घड्याळात चार वाजत होते.

मी डावा हात खिशात घातला.

“फ्यूज बघतो,” मी म्हणालो.

“हं,” आतून आलं.

मी मीटर लावला. “फ्यूज चांगला आहे. आता बटण बघतो.”

“हं.”